संपलेला विमा, थकलेली चलानं: जुनी गाडी नावावर करताना

सांगलीत ओळखीतल्या एका काकांची गाडी घेतली. एमएच-१० पासिंग, ११९७ सीसी, पेट्रोल, बँकेचा बोजा नाही. इंजिन उत्तम, फक्त विमा कधीचाच संपलेला आणि नंबरवर चलानं थकलेली. अशी गाडी जरा स्वस्तात पडते. पण ती रस्त्यावर कायदेशीर उभी करायला काय काय लागतं, ते एकदा नीट लिहून ठेवतो. वाहतुकीचे नियम म्हणजे नुसती लूट, असा वाद चहाच्या गाड्यावर रोज रंगतो. ही कामं निस्तरताना त्यातली कुठली तक्रार टिकते आणि कुठली टिकत नाही, तेही बघायला मिळालं.

आधी विमा, मग बाकी सगळं. विमा नसलेली गाडी आरटीओपर्यंत नेणंही गुन्हाच आहे, 'नावावर करायलाच चाललोय ओ साहेब' हे उत्तर चालत नाही. ट्रान्सफरच्या अर्जालाही चालू पॉलिसी लागते. पहिली अडचण इथेच येते. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, अजून काकांच्या नावावर, म्हणून पॉलिसीही त्यांच्याच नावावर काढावी लागते. घेणाऱ्याच्या नावाने काढली तर आरसी आणि पॉलिसीवरची नावं जुळत नाहीत आणि क्लेमच्या वेळी तेवढं निमित्त पुरतं. म्हणजे पॉलिसी काकांच्या नावाने काढायची, पैसे आपण भरायचे आणि विक्री झाली की ती आपल्या नावावर वळवून घ्यायची.

थर्ड पार्टी विमा म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई देणारा. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनचे खासगी कारचे वार्षिक दर असे: १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३४१६, त्यावर ७८९७. यावर १८ टक्के जीएसटी. माझ्या गाडीला ३४१६ अधिक जीएसटी म्हणजे ४०३१ रुपये. एखादा एजंट 'थर्ड पार्टीत डिस्काउंट देतो' म्हणाला तर पॉलिसीची खात्री करून घ्या, कारण सूट ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागावर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि दुचाकींच्या बनावट पॉलिस्या खपवल्या जातात. पैसे भरल्यावर काही दिवसांनी सरकारच्या 'वाहन' या साइटवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख दिसते का ते बघायचं.

विमा खंडित झालेला असेल तर फुल्ल इन्शुरन्ससाठी (थर्ड पार्टी अधिक ओन डॅमेज), ज्याला आपल्याकडे सर्रास फर्स्ट पार्टी म्हणतात, गाडीची तपासणी होते. आता बहुतेक कंपन्या मोबाइलवर लिंक पाठवतात आणि व्हिडिओ आपणच काढायचा असतो. गाडी धुऊन, उजेडात काढा. चारही बाजू, पुढची काच आतून-बाहेरून, चालू इंजिनसह मीटरचं रीडिंग, बॉनेटखालचा भाग आणि चेसिस नंबर. सगळ्यात जास्त व्हिडिओ चेसिस नंबरवर नापास होतात. तो बॉनेटखाली किंवा पुढच्या सीटजवळच्या मॅटखाली पत्र्यावर ठोकलेला असतो. त्यावर ग्रीस आणि धूळ बसलेली असते; रॉकेलचा बोळा फिरवला की आकडे उठून दिसतात. हा नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी ओ, आय आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. म्हणजे गोल दिसला की तो शून्यच. पॉलिसीवर शून्याऐवजी ओ छापून आला तर लगेच दुरुस्ती मागा.

पॉलिसी हातात आली की तारखेबरोबर वेळही वाचा. खंडित विम्यात संरक्षण पैसे भरल्या क्षणी सुरू होईलच असं नाही; मध्यरात्रीपासून किंवा एक-दोन दिवसांनीही सुरू होतं. शिवाय प्रीमियम कंपनीला पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी हेच सांगतं. चेक दिला आणि तो परत गेला तर हातातली पॉलिसी कागदच राहते.

काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गेलेला होता. विमा संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही की तो शून्यावर येतो, मग आधी ५० टक्के साठलेला का असेना. तसाही तो मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे मला मिळालाच नसता. जुनी गाडी विकताना 'बोनस चालू आहे' म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

आता नुसता थर्ड पार्टी घ्यायचा की फुल्ल? हिशेब फक्त पैशाचा करू नका. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत स्वतःच्या गाडीत बसलेली बायको-मुलं धरलेली नसतात. दुचाकीच्या मागच्या सीटवरच्या माणसाचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने हे एकापेक्षा जास्त निकालांत स्पष्ट केलंय. ही गोष्ट काउंटरवर कुणी सांगत नाही. दुसरं कारण खास सांगलीचं. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी कुठवर येतं ते आपण पाहिलंय. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं, थर्ड पार्टीत मुळीच नाही. त्यातही पाणी ओसरल्यावर कुणी हौसेने चावी फिरवली आणि सिलिंडरमधल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकला, तर साध्या फुल्ल पॉलिसीत कंपनी ते नाकारते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं. बुडालेली गाडी सुरू न करता टो करायची, घरच्यांनाही हे सांगून ठेवा. घसारा, म्हणजे भाग जुना म्हणून क्लेममधून होणारी कपात, पण लक्षात घ्या: प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, काचेवर शून्य, आणि पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. वर १५०० सीसीपर्यंत प्रत्येक क्लेमला १००० रुपये आपल्या खिशातून. बंपर फुटला म्हणून क्लेम केला तर हातात फार काही पडत नाही आणि पुढचा बोनस जातो.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही सक्तीचा. दुसऱ्या गाडीवर तो आधीच असेल तर पुन्हा घ्यायला लागत नाही, पण तसं लिहून द्यावं लागतं. एजंट विचारत नाहीत, सरळ जोडून टाकतात.

आता त्या वादाकडे. 'गाडी माझी, जीव माझा, मग सक्ती कशाला?' हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, आणि सगळ्यात कच्चंही. थर्ड पार्टी विमा आपल्यासाठी नसतोच. मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं ते एकदा मांडून बघा. अपघातात गेलेला ३२ वर्षांचा, स्वतःचा छोटा धंदा करणारा माणूस, कमाई महिना १५,०००, घरात चार अवलंबून. वर्षाचे १,८०,०००, त्यात पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून २,५२,०००. त्याचा स्वतःचा खर्च पाव वजा केला की १,८९,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६, म्हणजे ३०,२४,००० रुपये. साहचर्य (घरचं माणूस गमावल्याबद्दल), अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. गाडीला विमा नसेल तर हे पैसे मालकाने द्यायचे, आणि न दिल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणजे सातबाऱ्यावर बोजा. तरीही खरं नुकसान त्या घराचं होतं, कारण मालकाकडे काहीच नसेल तर त्यांच्या हाती निकालाचा कागदच राहतो. म्हणून सक्तीवर माझा आक्षेप नाही.

आक्षेप दंडावर आहे. विमा नसल्याचा दंड पहिल्यांदा २०००, पुन्हा सापडला तर ४००० रुपये. कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे, पण रस्त्यावर होतो तो दंडच. हा दंड सगळ्यांना सारखा. स्प्लेंडरवाल्याचा वर्षाचा थर्ड पार्टी ७१४, जीएसटीसह ८४३ रुपये. त्याला दंड प्रीमियमच्या दुपटीहून जास्त. २२०० सीसीच्या स्कॉर्पिओचा प्रीमियम जीएसटीसह ९३१८. त्याला दंड प्रीमियमच्या पावपटीहून कमी. म्हणजे मोठ्या गाडीवाल्याला वर्षातून एकदा पकडलं जाणं परवडतं, आणि जास्त नुकसान करू शकणारी गाडी तीच. दंड प्रीमियमच्या पटीत असता तर हा वाद अर्धा मिटला असता. दुसरी तक्रार दराची. सीसी सोडून दुसरं काही बघितलंच जात नाही. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणारी गाडी आणि रोज कोल्हापूर करणारी गाडी, दोघांना ३४१६च. वीस वर्षं ओरखडा न काढलेल्या माणसालाही तेवढेच, कारण नो क्लेम बोनस थर्ड पार्टीला लागत नाही.

उसाच्या हंगामात इथे आणखी एक गोची असते, तिच्यावर कुणी बोलत नाही. ट्रॅक्टरचा विमा असतो, मागच्या ट्रॉल्यांचा नसतो. ट्रॉलीचा विमा वेगळा नोंदवावा लागतो, नाहीतर ट्रॉलीमुळे झालेल्या अपघातात कंपनी भांडते. मडगार्डवर बसलेल्या माणसाला तर बहुतेक वेळा काहीच मिळत नाही, कारण ट्रॅक्टरला सीट एकच, चालकाची.

चलानांकडे वळतो. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या 'महाट्रॅफिक' साइटवर किंवा ॲपवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की यादी येते. काकांना एकही मेसेज आला नव्हता, कारण आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला. विकणाऱ्याचा नंबर आधी अपडेट करून घ्या. ट्रान्सफरचा ओटीपीही त्यावरच येतो.

यादी बघून लगेच पैसे भरू नका, प्रत्येक चलानाचा फोटो उघडा. पार्किंगचं ५०० रुपयांचं चलान खरं होतं. पुणे–बंगळूर हायवेवरचं वेगाचं २००० चंही खरं. फोटोत गाडी, वेग, मर्यादा आणि वेळ स्वच्छ दिसत होती. तिसरं चलान मात्र हेल्मेटचं, चारचाकीच्या नंबरवर! फोटो मोठा केला तर नंबर प्लेटवर चिखल उडालेली मोपेड. नंबरच्या सीरिजमधल्या इंग्रजी 'जी'ची आडवी रेघ चिखलाखाली गेलेली, म्हणून तो 'सी' वाचला गेला आणि चलान आपल्या गाडीवर चढलं. अशा वेळी तिथेच तक्रारीचा पर्याय असतो. चलान नंबर, आरसीची प्रत आणि गाडीचा नंबरसह फोटो जोडायचा, मजकूर दोन ओळींचा ठेवायचा: 'फोटोतील वाहन दुचाकी आहे, आमचे वाहन मोटार कार आहे.' रागाची चार पानं लिहिली तर वाचणाऱ्याला मुद्दाच सापडत नाही. विमा असूनही 'विमा नाही' असं चलान आलं असेल तर पॉलिसी जोडा, सुरू होण्याची तारीख-वेळ अधोरेखित करून; पॉलिसी वाहनवर उशिरा चढल्याने असं होतं.

सांगलीत विजयनगरच्या कोर्टात लोकअदालत असते तेव्हा चलानं कमी पैशात मिटतात, म्हणून लोक थांबून राहतात. सूट मिळतेच असा नियम नाही. आणि लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. जे चलान मुळातच चुकीचं आहे ते तिथे नेलं म्हणजे अर्धं कबूल केल्यासारखंच. खरी चलानं तिथे न्या किंवा सरळ भरा, खोटं चलान तक्रारीतच लढवा. खऱ्या चलानांचे २५०० रुपये गाडीच्या किमतीतून वळते करून घेतले. व्यवहाराच्या कागदावर 'आजच्या तारखेपर्यंतची चलानं विकणाऱ्याची' हे वाक्य तारीख आणि वेळेसह लिहून घ्या.

ट्रान्सफरचं काम त्यामानाने सरळ. परिवहनच्या साइटवर अर्ज, फॉर्म २९ (विक्रीची सूचना) दोन प्रतीत, फॉर्म ३० (नावावर करण्याचा अर्ज), आरसी, विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा. कारची ट्रान्सफर फी ३०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० वेगळे. सही आरसीवरच्या किंवा जुन्या फॉर्मवरच्या सहीशी जुळली नाही की फाइल परत येते. वय झालेल्या माणसाची सही बदललेली असते, तेव्हा काकांना सोबत नेलेलं बरं.

विमा कंपनीला मात्र नवी आरसी हातात येईपर्यंत थांबू नका. विक्रीपासून १४ दिवसांत फॉर्म २९-३० च्या प्रतींसह अर्ज द्या, आरसी नंतर जोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येतो, ओन डॅमेज येत नाही. मधल्या काळात गाडी ठोकली तर 'पॉलिसी तुमच्या नावावर नाही' हे उत्तर मिळतं, आणि ते कायद्याला धरून असतं. मालक-चालकाचा १५ लाखांचा विमाही काकांबरोबर संपतो, तो स्वतःच्या नावाने नवा घ्यावा लागतो.

काका म्हणत होते, 'गाडी दिली, पैसे मिळाले, माझं काम संपलं.' त्यांचं काम संपलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून फिरलेली असो. भरपाईचा दावा त्याच्यावरच येतो. म्हणून विकणाऱ्याने फॉर्म २९ ची पोच स्वतःकडे ठेवायची आणि महिन्याभराने वाहनवर नाव बदललं का ते स्वतः बघायचं. काकांना ते मोबाइलवर कसं बघायचं तेही दाखवून दिलं.