वर्कबेंच अपडेट: अँगल, ड्रॉवर चॅनेल आणि सपाट बसणारे सीएसके स्क्रू

मंडळी, बेंच आता बेंचसारखं दिसायला लागलंय. १८ एमएमचे दोन प्लाय चिकटवून केलेला टॉप घासून झाला, खालचा सांगाडा उभा आहे, आणि या खेपेला दोन कामं घेतली होती, टॉपच्या पुढच्या कडेला २५ बाय २५ चा ३ एमएम जाडीचा अ‍ॅल्युमिनियम अँगल (काटकोनात वळलेली पट्टी) आणि ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनेल (ड्रॉवर ज्यांवर आतबाहेर सरकतो त्या पट्ट्या). दोन्हीकडे स्क्रूचं डोकं जरासुद्धा वर राहून चालत नाही, अँगलवर राहिलं तर वरून सरकवलेल्या प्रत्येक फळीला चरा पडणार, आणि चॅनेलमध्ये राहिलं तर ते मधल्या पट्टीला घासणार आणि ड्रॉवर अर्ध्यात अडणार. त्यामुळे आजचं सगळं पुराण सीएसके (काउंटरसंक, म्हणजे वरून सपाट आणि खालून शंकूसारख्या डोक्याच्या) स्क्रूचंच आहे, कंटाळा असेल त्यांनी पुढच्या अपडेटला भेटा.

खरेदी बोहरी आळीतून. दुकानात नुसतं "स्टार स्क्रू द्या" म्हटलं की बरेचदा काळे जिप्समवाले (जिप्सम बोर्डाचे) स्क्रू पुढ्यात येतात, ते या कामाला घेऊ नका. त्यांचं डोकं खालून गोलाईत निमुळतं असतं, सरळ शंकूसारखं नाही, म्हणजे काउंटरसिंक केलेल्या (तोंडाशी शंकूसारख्या रुंद केलेल्या) भोकात ते नीट टेकत नाही, शिवाय पोलाद कडक आणि ठिसूळ, धातूत आवळलं की मान तुटते. मागायचं ते "सीएसके सेल्फ टॅपिंग, ६ बाय १९", सेल्फ टॅपिंग म्हणजे स्वतःचे आटे स्वतः पाडत जाणारा. यातला ६ हा नंबर आणि १९ ही एमएममधली लांबी, हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळ होत नाही. ६ नंबर म्हणजे साडेतीन एमएम जाडी, ८ नंबर ४.२, १० नंबर ४.८. आणि सीएसकेची लांबी डोक्यासकट मोजतात, पॅन हेडची (फुगीर डोक्याच्या, वर राहणाऱ्या स्क्रूची) डोक्याखालून. हा फरक पुढे चॅनेलला फार नडतो.

अँगलला ८ नंबर का नाही, तर डोकं. ६ नंबरचं डोकं साधारण ७ एमएम रुंद आणि दोन एमएमच्या थोडं वर खोल, ३ एमएमच्या पट्टीत ते बुडतं आणि खाली थोडा धातूही शिल्लक राहतो. ८ नंबरचं डोकं अडीचच्या आसपास जातं, मग खाली उरते ती पापुद्र्याएवढी कड, आवळताना ती दबते. एक-सव्वा एमएमच्या पत्र्यात तर कुठलाच काउंटरसिंक कापू नये, भोक नुसतं मोठं होत जातं, तिथे पत्रा दाबून खळगा करावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. स्क्रू जोर लावून सपाट बसत नाही, तो भोकामुळे बसतो. लाकडाच्या जुन्या स्क्रूला डोक्याखाली थोडा गुळगुळीत दांडा असायचा, सेल्फ टॅपिंगला आटे थेट डोक्यापर्यंत असतात. म्हणून वरच्या तुकड्यातलं भोक सैल हवंच, ६ नंबरला मी ४ एमएम घेतो. ते आवळ राहिलं तर आटे वर पण पकडतात आणि खाली पण, मग दोन तुकड्यांत जी फट आहे ती कितीही आवळा, तशीच राहते. खाली प्लायमध्ये अडीच एमएमचा पायलट, म्हणजे स्क्रूला वाट दाखवणारं बारीक भोक. आणि हे कोणी सांगत नाही, पायलटच्या तोंडाशी पण काउंटरसिंक एकदा हलका फिरवायचा, कारण आटे शिरताना प्लायचा वरचा थर उचलला जातो आणि तेवढा उंचवटासुद्धा अँगलला वर ढकलतो. अँगलच्या पोटाची बर (भोक पाडताना कडेला उठलेला धातू) पण काढायची, त्याच कारणासाठी.

काउंटरसिंक बिट ९० अंशाचा घ्या, आपल्याकडच्या मेट्रिक सीएसकेचा कोन तोच. अमेरिकन मालातले ८२ अंशाचे असतात. मोठा ड्रिल बिट फिरवून काम भागवणारे खूप आहेत पण साध्या ड्रिलचं टोक ११८ अंशाचं, त्यात डोकं फक्त आतल्या कडेवर टेकतं आणि बाहेरच्या कडेला फट राहते. लाकडात खपून जातं, धातूत नाही. ड्रिल अगदी हळू चालवायचं, नाहीतर बिट थरथरतो आणि शंकूच्या भिंतीवर चट्टे पडतात. अ‍ॅल्युमिनियमवर रॉकेलचा थेंब उत्तम, पण रॉकेल आता आणायचं कुठून, डब्ल्यूडी-४० वर भागवतोय.

खोली तपासायची युक्ती: स्क्रू उलटा धरायचा, डोक्याची सपाट बाजू भोकाच्या तोंडावर टेकवायची. डोक्याची कड आणि भोकाची कड जुळली की थांबायचं. जुळल्यावरही स्क्रू बसवून वरून नख फिरवून बघतो, नख अडलं तर स्क्रू काढून काउंटरसिंकचा पाव फेरा अजून. प्रत्येक भोक वेगळं तपासतो, हाताच्या ड्रिलवर सगळी सारखी येत नाहीत.

चॅनेलचं गणित वेगळं. ड्रॉवरच्या बाजू १२ एमएम प्लायच्या, चॅनेलचा पत्रा एक-सव्वा. नेहमीचा ६ बाय १३ घेतला तर डोकं पत्र्याशी सपाट बसल्यावर पावणेबारा ते बारा एमएम आत जातो, आणि १२ म्हणून विकलेला प्लाय पूर्ण १२ भरेलच असं नाही. टोक ड्रॉवरच्या आत बोटाला लागणार. म्हणून ६ बाय ९.५ घेतले, पायलटच्या बिटला सात एमएमवर टेप गुंडाळली. पकड कमी वाटते पण भार स्क्रूवर आडवा येतो, चालतं.

आवळताना २ नंबरचा फिलिप्स (अधिकच्या खुणेसारख्या टोकाचा) बिट, ड्रायव्हरचा क्लच (ठरावीक जोरानंतर फिरणं थांबवणारी कडी) खालच्या आकड्यावर, आणि शेवटचा अर्धा फेरा हाताने. आट्यांना मेणबत्ती घासली की स्क्रू लोण्यासारखा जातो. काढून परत घालायचा झाला तर आधी उलटा फिरवायचा, हलकासा टक् लागतो, म्हणजे जुना आटा सापडला, मग सुलटा. नाहीतर प्लायमध्ये दुसरा आटा पडतो आणि भोक ढिलं होतं.

सध्या चॅनेल फक्त लांबट भोकांत धरलेत. ड्रॉवरचे फ्रंट पॅनल लागून फटी सारख्या झाल्या की गोल भोकांतले स्क्रू टाकेन, तोवर ड्रिल बाहेरच आहे. कोणी १२ एमएमच्या बाजूंना ८ नंबर लावले असतील तर फोटो टाका.