खाचरातली माती

१५ डिसेंबर

आज चार वेळा इमारतीच्या मागे जाऊन आले. सकाळी आठ, अकरा, दुपारी दीड आणि चार. चारही वेळा सावली. आमची इमारत तळमजला धरून चार मजल्यांची आणि मागचा १२ बाय १८ फुटांचा मोकळा तुकडा तिच्या उत्तरेला. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे भरदुपारीही सावली मागच्या कुंपणापर्यंत जाते.

पण याच तुकड्यात दर मे महिन्यात आम्ही कुरडया वाळवतो आणि तेव्हा तिथे अनवाणी पाऊल ठेववत नाही. १५ मेच्या आसपास सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो. मग दोन-अडीच महिने माध्यान्हीला तो उत्तरेकडच्या बाजूला असतो आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला वळतो. म्हणजे ही जागा हिवाळ्यात भाजीला उपयोगाची नाही, पावसाळ्यात आहे. जे काही करायचं ते जून ते सप्टेंबर. सोसायटीच्या सभेत परवानगी मिळाली आहे. अट एकच, पाणी साचून डास होता कामा नयेत. गोरेगावात ही अट घालावीच लागते.

बारा वर्षं मी खिडकीच्या जाळीत कुंड्या सांभाळल्या. कोकोपीट, गांडूळखत, पोत्यातली लाल माती. कुंडीत काय आहे हे मला ठाऊक असतं, कारण ते मीच घातलेलं असतं. जमिनीत आधीपासून काय आहे हे मात्र कुणालाच विचारता येत नाही. मला ते जाणून घ्यायचं आहे. भाजी नंतर.

६ एप्रिल

मागच्या दुरुस्तीच्या वेळी कंत्राटदाराच्या माणसांनी निम्म्या तुकड्यावर डेब्रिज टाकलं आणि तसंच ठेवून गेले. वीतभर थर. विटांचे तुकडे, लादीचे टवके, सिमेंटचे गोळे, गिलाव्याची पांढरी भुकटी. दोन गडी आणि आम्ही दोघं, तीन रविवार. पहार, घमेली, वाळूची चाळण. साठ गोण्या निघाल्या. पालिकेला कळवून त्या उचलवल्या.

भिंतीलगत जुन्या ऑइलपेंटचे पोपडे सापडले, ते मी बसून हाताने वेचले. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि पालेभाज्या, कंदमुळं ते फळभाज्यांपेक्षा जास्त ओढून घेतात. म्हणून भिंतीपासूनच्या तीन फुटांत खायचं काही लावायचं नाही, तिथे जास्वंद आणि गोकर्ण. घरातल्यांना ही जागा वाया गेल्यासारखी वाटते. मला वाटत नाही.

२० एप्रिल

आज सांगण्यासारखं खूप आहे.

डेब्रिज निघाल्यावर खाली जी माती उघडी पडली ती करडी-काळी, दगडासारखी टणक. कुदळ मारली की नुसती ठिणगी. दोन दिवस थोडं थोडं पाणी शिंपडून ती ओलावली आणि मग थांबले. चिकणमातीत घाई करून चालत नाही. ओली असताना खणली तर तिची ढेकळं विटांसारखी वाळतात, कोरडी असताना ती कुदळीला दाद देत नाही. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि अंगठ्याने टोचायचं. गोळा भुगा होऊन सुटला तर वाफसा आला. नुसता खळगा पडला तर अजून थांबायचं. वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. आज पहिल्यांदा तो बोटांना कळला.

वाफशावर एक ढेकूळ उचलून हाताने मोडलं. आत करड्या मातीतून गंजाच्या रंगाच्या बारीक रेषा गेल्या होत्या, नसांसारख्या. काही सुतासारख्या, काही पेन्सिलीच्या शिशाएवढ्या जाड. मधोमध पोकळ भोकं आणि त्याभोवती तांबूस वेष्टन. मी ते ढेकूळ ताटलीत घालून घरात आणलं आणि आईंसमोर ठेवलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय वर्षं ८४, माहेर लांज्याकडचं. त्यांना आता दिसतं कमी. त्यांनी ढेकूळ हातात घेतलं, नखाने एक चिमूट काढून बोटांत चोळली, वास घेतला.

"अगो, ही खाचरातली माती. भाताची."

मी म्हटलं, "आई, इथे गोरेगावात कुठलं खाचर?"

"खाचर होतं म्हणून तर इमारत बांधली ना. सपाट जागा आयती कुठे मिळते?"

त्यांचं म्हणणं बरोबर आहे, नंतर वाचूनही पाहिलं. माती महिनोन्महिने पाण्याखाली राहिली की तिच्यातलं लोह विरघळतं आणि ती करडी पडते. भाताची मुळं मात्र वरून हवा खाली नेतात, त्यामुळे मुळांच्या वाटेभोवती तेच लोह गंजून तांबडं होतं. मूळ कुजून जातं, गंज राहतो. आमची इमारत १९७२ सालची. त्याआधी साष्टीच्या, म्हणजे मुंबईची उपनगरं ज्या बेटावर वसली त्याच्या, या भागात गावं होती, गावांना भातखाचरं होती. पन्नासहून अधिक वर्षं त्या मुळांच्या वाटा आमच्या वाळवणांच्या खाली तशाच पडून होत्या.

रात्री झोप लागेना. उठून पुन्हा एकदा ते ढेकूळ पाहून आले.

४ मे

काचेच्या बरणीची परीक्षा. एक तृतीयांश माती, वर पाणी, खूप हलवून ओट्यावर ठेवली. रेती मिनिटाभरात बसली, पोयटा, म्हणजे रेतीहून बारीक गाळ, संध्याकाळपर्यंत. चिकण भाग बसून पाणी नितळायला तिसरा दिवस उजाडला. पट्टीने मोजलं. पाच इंच गाळात एक इंच रेती, दीड इंच पोयटा, अडीच इंच चिकणमाती. निम्मी चिकण.

फूटभर खड्डा खणून दोनदा पाण्याने भरला. दुसऱ्या वेळी दोन तासांत पाणी जेमतेम इंचभर उतरलं. खाचरात तेच हवं असतं, चिखलणी करून करून शेतकरी पाणी धरून ठेवतो. भेंडीला मात्र ते मारक.

शेजारचे काका म्हणाले, वाळूचे दोन टेम्पो टाका. नाही टाकणार. अशा मातीत थोडी वाळू घातली तर ती मोकळी व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट बसते. सेंद्रिय खतच घालायचं आणि गादीवाफे उंच करायचे. काकांनी मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बोट ठेवून दाखवलं, २६ जुलै २००५ ला पाणी इथवर होतं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्या पावसाला कुठलाच वाफा पुरणार नाही, हे खरं. पण रोजच्या पावसाचं पाणी कुठून कुठे जाईल हे आत्ताच ठरवायला हवं.

१९ मे

मातीचा अहवाल आला. नऊ ठिकाणची माती एकत्र करून, सावलीत वाळवून अर्धा किलो प्रयोगशाळेत दिली होती. सामू (पीएच) ७.९, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के. म्हणजे माती अल्कधर्मी आणि उपाशी. सामू वाढण्यात त्या सिमेंट-गिलाव्याचा हात असणार.

यावरून घरात जरा बोलणं झालं. आईंनी महिनाभर देवघरातली आणि होळीची राख एका डब्यात जमवून ठेवली होती. त्यांच्या गावाकडच्या तांबड्या आम्लधर्मी मातीत राख अमृतासारखी काम करते, ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे. इथल्या मातीत राखेने सामू आणखी चढेल. हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माती वेगळी, तर औषध वेगळं." डबा आता भांडी घासायला ठेवला आहे.

२९ मे

रोहिणी लागल्या. जवळच्या आरे कॉलनीतल्या एका गोठ्यातून जुनं शेणखत आणलं, पंचवीस गोण्या. प्रत्येक गोणीत हात घालून पाहिलं. काळं, भुसभुशीत, शेणाचा वास गेलेला, तेच घेतलं. कच्चं शेण घातलं की मुळं खाणारी हुमणी आणि वाळवी मागोमाग येतात. एका गोणीत हुमणीच्या दोन अळ्या निघाल्या, पांढऱ्या, अर्धवर्तुळात वळलेल्या. ती गोणी परत केली.

तीन वाफे घातले. प्रत्येक तीन फूट रुंद, नऊ इंच उंच, मध्ये दीड फुटाची वाट. सगळ्या वाटांचा उतार कोपऱ्यातल्या गटाराकडे. लव्हाळ्याच्या गाठी एक एक करून काढल्या, एक राहिली तरी तिच्या पन्नास होतात. रात्री कंबर वळत नव्हती.

१३ जून

हवामान खात्याच्या हिशेबी मुंबईत पावसाची तारीख ११. या वर्षी दोन दिवस उशीर. पहाटे आला. मी छत्री न घेता मागे गेले आणि वाटांमधलं पाणी पाहत उभी राहिले. पाणी वाहत होतं, एका कोपऱ्यात तेवढं घुटमळत होतं.

दुपारी उघडीप मिळताच दीड वाफ्यात धैंचा फेकला, हिरवळीच्या खताचं पीक. एवढ्या जागेला मूठभर बी पुरतं. पंचेचाळीस दिवसांनी, फुलं धरायच्या आत, कापून मातीत गाडायचा. घरातल्यांना हे पटवणं कठीण होतं, पहिल्याच पावसात निम्मी जागा न खाण्याच्या पिकाला. पण जमीन उपाशी आहे आणि तिच्याआधी आपण जेवणं मला बरं वाटत नाही. उरलेल्या जागेत भेंडी, चवळी आणि कुंपणावर दोडका.

२८ जून

पेरलेल्याच्या आधी न पेरलेलं वर आलं. वाफ्यांच्या कडेने टाकळा. मी तण म्हणून उपटायला गेले आणि थांबले. हाच टाकळा मी दरवर्षी स्टेशनबाहेर आरेच्या पाड्यांतून येणाऱ्या बायकांकडून जुडीने विकत घेते. संध्याकाळी याची पानं मिटतात, जोडी जोडीने, हात जोडल्यासारखी.

भिंतीपासून दूरचा तेवढाच खुडला. हरभऱ्याची डाळ, लसूण, वर ओलं खोबरं. या जमिनीची पहिली भाजी, आणि ती मी लावलेली नव्हती. आईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

१७ जुलै

रोज रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचते, हातात पिशवी घालून. त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायींनी चवळीचे कोवळे शेंडे एका रात्रीत संपवले. भेंडी वाचली आहे.

धैंचा कमरेएवढा झाला. आज एक रोप मुळासकट उपसलं. मुळांवर मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या गाठी. एक नखाने फोडली, आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ जिवंत आहे, हवेतला नत्र धरते आहे. चिखलाचे पाय तसेच घेऊन धावत घरात गेले आणि आईंच्या तळहातावर ठेवली. त्यांना रंग दिसला नसावा. त्या म्हणाल्या, "मला मागे घेऊन चल."

मागे गॅलरीत त्यांच्या खाटेजवळ एक घमेलं झाकलेलं होतं, मला वाटायचं त्यात कोथिंबीर आहे. त्यात भाताची रोपं होती, पंचवीस दिवसांची. त्यांच्या भावाने गावाहून पाठवलेल्या बियाण्यातलं मूठभर भात त्यांनी कुणाला न सांगता भिजवून पेरलं होतं.

जिथे पाणी घुटमळतं त्या कोपऱ्यात पाणी साचू द्यायचं नाही, पण चिखल तर राहतोच. आई खुर्चीत बसून सांगत होत्या, तीन-तीन काड्या, वीतभर अंतर, खोल खुपसू नको. अशा तीन काड्यांचे मी आठ चूड लावले. नववा त्यांनी स्वतः लावला, एका हाताने माझा खांदा धरून, वाकून.