पालकातली कचकच

पहिलाच घास तोंडात गेला आणि दातांखाली कच्च झालं. समोर बाबांनी त्यांचा घास ताटाच्या कडेला काढून ठेवला, दोन घोट पाणी प्यायले आणि नंतर त्या भाजीला हात लावला नाही. बोलले काहीच नाहीत, म्हणून जास्त लागलं. पालक मी तीनदा धुतला होता. मोजून तीनदा! मग ही माती आली कुठून?

त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी या एका कचकचीच्या मागे होतो. जुडी नळाच्या धारेखाली धरून पाहिली. मिठाच्या पाण्यात भिजत ठेवून पाहिली; मिठाने रेती सुटत नाही, उगाच पानं मलूल होतात. चिरून मग धुतला, तर आणखी वाईट: चिरलेले तुकडे एकमेकांना चिकटून बसतात, मधली माती मधेच राहते आणि पानांतलं सत्त्व पाण्याबरोबर निघून जातं ते वेगळंच. पालेभाजीला साबण तर कधीच लावू नये, तो पानात मुरतो.

मुळात पालकाची वाढच अशी की माती त्याला चुकत नाही. पानं बुडख्यापासून चारी बाजूंना फुटतात आणि जमिनीलगत पसरतात. पाऊस पडला किंवा पाणी दिलं की माती उडून थेट पानांच्या मागे आणि देठांच्या खोबणीत जाते. देठ जिथे एकत्र येतात त्या बेचक्यात तर ती घट्ट रुतलेली असते. जुडी बांधलेली असताना कितीही पाणी ओता, ते वरून वाहून जातं, बेचक्यापर्यंत पोहोचतच नाही.

पण माझी खरी चूक याहून साधी होती आणि ती एका पांढऱ्या पातेल्यामुळे सापडली. रोजचं काळपट पातेलं घासायला पडलं होतं, म्हणून त्या दिवशी पालक या पांढऱ्या पातेल्यात, पाण्यात घातला. हात फिरवला, जरा थांबलो आणि तळाशी पाहिलं तर रेतीचा थर! नेहमीसारखं पातेलं चाळणीत उपडं करायला उचललं आणि हात थांबला. उपडं केलं असतं तर तळाची सगळी रेती पालकावरच पडली असती. इतके दिवस मी हेच करत होतो. तीनदा धुतला म्हणजे बाहेर पडलेली माती तीनदा परत त्याच्यावर ओतली होती. इतकी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, याचा राग अजून आहे. ‘स्वच्छ धुऊन घ्या’ एवढंच सगळे म्हणतात.

तेव्हा पाणी ओतायचं नाही, पालक उचलायचा. आधी बुडखा बोटभर कापून टाका, म्हणजे देठ सुटे होतात. मोठ्या, फिक्या रंगाच्या भांड्यात भरपूर पाणी घ्या. पानं मोकळी तरंगली पाहिजेत. जुडी मोठी असेल तर अर्धी अर्धी घ्या, दाटीवाटी झाली तर रेतीला खाली जायला वाट मिळत नाही. हलक्या हाताने घुसळा आणि मग दोन मिनिटं अजिबात हात लावू नका. हा थांबण्याचा भाग मला सर्वांत जड गेला, पण रेती तेवढ्यात खाली बसते. मग दोन्ही हातांनी पानं वरच्या वर उचलून चाळणीत ठेवा, पाणी फेका, भांड्याचा तळ बोटाने पुसून काढा, पुन्हा पाणी भरा. किती वेळा, याला आकडा नाही. तळाला एकही कण दिसेनासा होईपर्यंत. कधी दोनदा, कधी पाचदा.

एवढं करूनही पुढच्या वेळी दात खरखरीत लागले. मी हताश झालो. त्याच्या पुढच्या जुडीला सात पाणी दिली, तरी तेच. मग लक्षात आलं की ही माती नव्हेच. पालकात ऑक्झॅलिक आम्ल असतं, त्याचे कॅल्शियमशी मिळून बारीक स्फटिक होतात आणि दातांवर खडूसारखा थर बसतो. ओळखायचं असं: रेती चावताना आवाज करते, हा खरखरीतपणा घास गिळल्यावर, दातांवरून जीभ फिरवली की जाणवतो. त्याला धुणं हा उपाय नाही. भरपूर उकळत्या पाण्यात पालक मिनिटभर टाकायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. विरघळणारं ऑक्झॅलेट, म्हणजे हेच आम्ल आणि त्याचे क्षार, बरंचसं त्यात उतरतं. थोडं फोलेट (एक ब जीवनसत्त्व) आणि क जीवनसत्त्वही जातं, पण ते मी सोडतो. ज्यांना कॅल्शियम ऑक्झॅलेटचे मूतखडे झाले आहेत त्यांनी तर हे करावंच आणि किती पालक खावा ते डॉक्टरांना विचारावं.

शिजवण्यात काही अवघड नाही. थोडं तेल, ठेचलेला लसूण, वर पिळून घेतलेला पालक, दोन-तीन मिनिटं. झाकण ठेवू नका, रंग काळवंडतो. लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, कारण आम्ल आणि उष्णता एकत्र आली की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. लिंबू मात्र वगळू नका. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण २.७ मिलिग्रॅम लोह असतं, पण त्यातलं अंगी फार थोडं लागतं. क जीवनसत्त्वाने ते जरा वाढतं. मीठ सगळ्यात शेवटी. पालकात ९१ टक्के पाणी, त्यामुळे कढईभर भाजी आळून वाटीभर होते आणि आधी अंदाजाने घातलेलं मीठ खारट होऊन बसतं.

निवडून आणायचं सांगायचं राहिलंच. जुडी बाहेरून पाहू नका, मधून उघडून पाहा. चिकट, काळी पडलेली पानं आतच लपलेली असतात. देठ वाकवला की कट्कन मोडला पाहिजे. मधून फुलाचा दांडा वर आला असेल तर पालक जून झाला, कडवट लागणार. पाणी मारून चकचकीत केलेल्या जुडीपेक्षा कोरडी बरी. घरी आणून लगेच धुऊनही ठेवू नका, ओली पानं फ्रिजमध्ये लवकर सडतात. कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

परवा बाबांनी स्वतःहून कढई पुढे ओढली आणि पुन्हा वाढून घेतलं. या वेळीही काही बोलले नाहीत, पण मला फार बरं वाटलं. अजून ताटं वाढण्याआधी मी एक देठ उचलून चावून बघतो, बुडख्याजवळचा. माती राहिली असेल तर ती तिथेच सापडते.