पेनचा पडदा आणि इस्त्रीवाले काका

बुधवार, रात्री साडेअकरा

साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो आज पुन्हा परत आले. दुकानदाराचं एकच पालुपद, "मॅडम, जरा व्होगसारखं काहीतरी करा ना." व्होग म्हणजे फॅशनचं मासिक, पण व्होगसारखं म्हणजे काय, ते त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही. म्हणून गेले आठ दिवस जेवणं आटोपली की जुन्या फॅशन फोटोग्राफरांची कामं काढून बसते.

सुरुवात रिचर्ड ॲव्हेडॉनपासून केली. डोव्हिमा ही मॉडेल आणि हत्ती यांचा तो फोटो, पॅरिसची सर्कस, ऑगस्ट १९५५. दिओर या फॅशन कंपनीचा काळा मखमली गाऊन, कमरेला लांबलचक पांढरा पट्टा. हा गाऊन दिओरकडे तेव्हा नुकत्याच लागलेल्या डिझायनर यीव्ह सँ लोराँचा. फोटो शंभरदा तरी पाहिला असेल, पण हत्तींच्या पायातल्या साखळ्या परवा पहिल्यांदा दिसल्या. आता पट्ट्याकडे लक्षच जात नाही. हेल्मुट न्यूटन एका संध्याकाळीत उरकला. हात तयार आहे त्याचा, कबूल, पण माझं त्याच्याशी जमत नाही.

मग अर्व्हिंग पेन. तिथे अडकले ती अजून तिथेच आहे.

१९४८ च्या अखेरीस व्होगच्या कामासाठी तो पेरूला गेला, आणि काम संपल्यावर कुस्कोला. तिथल्या एका फोटोग्राफरचा स्टुडिओ त्याच्या मनात भरला. दगडी फरशी, रंगवलेला पडदा, दिवसाचा उजेड. त्यानं मालकाला पैसे देऊन सुट्टीवर पाठवलं आणि स्वतः तिथे उभा राहिला. नाताळचे दिवस. नेहमीसारखे फोटो काढून घ्यायला आलेल्यांना भलताच माणूस भेटला, आणि तो पैसे घ्यायचं सोडून उलट देत होता! आमच्या तालुक्याच्या गावचा स्टुडिओ आठवला. पडद्यावर तळं, तळ्यात हंस, पुढे वेताची खुर्ची. आईचा स्थळांना दाखवायचा फोटो तिथलाच.

१९५० साली पॅरिसमध्ये पेनला एक जुना नाटकाचा पडदा मिळाला, करडा, डागाळलेला. फोटोग्राफीच्या एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या उजेडात त्यानं तो टांगला. त्याच्यापुढे मॉडेल लिसा फॉन्साग्रिव्ह्ज डिझायनर बालेन्सियागाचे कपडे घालून उभी राहिली आणि त्याच पडद्यापुढे खाटीक, काचा बसवणारा, काकड्या विकणारा. कामाच्याच कपड्यात, हातात आपापली अवजारं घेऊन. पुढे लंडन आणि न्यूयॉर्कलाही त्यानं हेच केलं. पेनच सांगतो की पॅरिसवाल्यांना यात काहीतरी काळंबेरं वाटायचं, पण पैशासाठी यायचे. लंडनचे लोक वेळेवर आणि ऐटीत. न्यूयॉर्कचे काही मात्र बजावूनसुद्धा दाढी करून, रविवारचा सूट चढवून हजर, जणू आता थेट हॉलिवूडच! तो पडदा पेननं जन्मभर जपला. २०१७ साली न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयातल्या प्रदर्शनात तोही मांडला होता.

आज दुपारी राहवलं नाही. मागच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. तिथे राखाडी चादर टांगली आणि कपडे द्यायला आलेल्या इस्त्रीवाल्या काकांना म्हटलं, "काका, इस्त्री घेऊन या, एक फोटो काढते. आहात तसेच या हं." पाव तासानं आले ते पांढरा कडक शर्ट घालून, केसांना तेल, कपाळाला गंध. मला इतकं हसू आलं! न्यूयॉर्कच अवतरलं की दारात.

इस्त्री मात्र आणली होती, कोळशाची, थंड करून. म्हटलं, धरा. ती हातात आली आणि काका वेगळेच दिसायला लागले. उजवा खांदा आपोआप खाली, पाय रोवलेले. मनगटाच्या वर जुन्या चटक्याची काळी रेघ, ती त्या उजेडात अगदी स्वच्छ आली. पाठोपाठ त्याच चादरीपुढे दोन पैठण्याही टिपल्या. बऱ्या आल्यात. दुकानदाराला उद्या दाखवीन.

संध्याकाळी काकांना फोनवर फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, एक मोठा काढून द्या, नातीला पाठवायचाय. तेवढी इस्त्री दिसू देऊ नका."

इस्त्रीशिवायचाही एक आहे. त्यात त्यांचे दोन्ही हात नुसते लोंबतायत.