पखवाजवाल्याचा नंबर आधीच नोंदलेला आहे

स्पर्धा, शिबिरं, मॅरेथॉन यांची नोंदणी ऑनलाइन करून देणारी एक प्रणाली आमची पुण्यातली छोटी कंपनी चालवते. नवा माणूस पहिल्यांदा आत आला की त्याला काय दिसावं आणि काय विचारावं, हे बघणं माझं काम. सिंधुदुर्गातल्या एका देवस्थानाचं काम आलं, महिला भजन स्पर्धेचं. त्यांनी आधी दुसऱ्या कुणाकडून फॉर्म करून घेतला होता. मंडळं तो उघडत होती आणि मध्येच सोडून देत होती. कार्यवाह फोनवर म्हणाले, "बायांना मोबाइल जमत नाही हो." हे वाक्य कानावर पडलं की मी पुढचं काही विचारत नाही, एसटीचं तिकीट काढते.

कुडाळ तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात मंडळाची तालीम होती. फोन सांभाळणाऱ्या काकींना जमत नव्हतं असं काहीच नव्हतं. विजेचं बिल त्या मोबाइलवरून भरतात, तालमीचे व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकतात, चाल चुकली तर कोणाची हे त्यावरून दाखवून देतात. मी सांगितलं, तो जुनाच फॉर्म माझ्यासमोर भरा, मी मदत करणार नाही, नुसती बघणार. त्यांना हे जरा विचित्र वाटलं. पाहुणीने मदत न करता वहीत लिहीत बसायचं म्हणजे परीक्षाच की. पण चहा आला आणि सुरुवात झाली.

आधी स्वागताचे तीन पडदे आले. हसरी माणसं, फुगे, 'चला, प्रवास सुरू करूया'. काकींनी ते न वाचता बोटाने सरकवले. माझ्या क्षेत्रात या पडद्यांवर फार जीव ओततात. ते वाचणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. काकींना हव्या होत्या त्या गोष्टी, म्हणजे शुल्क किती, माणसं किती चालतील, शेवटची तारीख कोणती, त्या तिथे नव्हत्याच.

मग सभासदांची नावं. काकी मराठी कीबोर्डवर लिहीत होत्या. 'कमल' हे नाव फॉर्मने घेतलं. 'सुषमा' घेईना. लाल अक्षरांत उत्तर, 'कृपया फक्त अक्षरे टाका'. सगळ्याजणी फोनवर वाकल्या. सुषमाकाकी म्हणाल्या, "कमळाचा चालता, माझा कशाक नाय?"

प्रश्न अगदी नेमका होता. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्या संगणकाला कळाव्यात म्हणून केलेल्या यादीत, क, म, ल ही अक्षरं आहेत, पण काना, उकार, अनुस्वार यांची नोंद अक्षर म्हणून नाही, चिन्ह म्हणून आहे. 'फक्त अक्षरं' असा नियम कोणी इंग्रजीच्या सवयीने लिहिला की बिनकान्यामात्रेची नावं तेवढी पार होतात. मराठीत अशी नावं किती असणार? वयाच्या रकान्यात तेच झालं. '५४' चालेना, कारण तपासणीला फक्त इंग्रजी आकडे ठाऊक. काकींनी शेवटी नावं इंग्रजीत लिहायला घेतली. स्पेलिंगवरून दोघींत मतभेद झाले आणि तालमीचा वेळ तिथे गेला.

प्रत्येक सभासदाला स्वतंत्र मोबाइल नंबर आणि त्यावर ओटीपी, ही पुढची अट. एका आजींकडे फोन नाही, म्हणून मुलाचा नंबर दिला. मुलगा मुंबईत. ओटीपी त्याच्याकडे गेला. काकींनी देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन, कारण रेंज तिथेच, त्याला फोन लावला. त्याने आकडा सांगायला साफ नकार दिला. "ओटीपी कोणाक सांगूचो नसता, आये. फ्रॉड असात." आजींनी फोन घेऊन त्याला दोन शब्द सुनावले, पण मला तो मुलगा मनातून पटला. बँका वर्षानुवर्षं हेच बजावत आल्या आहेत आणि हा फॉर्म नेमकं त्याच्या उलट करायला लावतो. शिवाय त्या संदेशात एक आकडा आणि कंपनीचं आखूड नाव. भजनाचा, देवस्थानाचा, आईचा कुठे उल्लेखच नाही.

खरी गंमत पखवाजापाशी आली. वादकाचा नंबर टाकला आणि उत्तर मिळालं, 'हा नंबर आधीच नोंदलेला आहे'. सभामंडपात शांतता. मग एकीने सगळ्यांच्या मनातली शंका बोलून दाखवली, "दुसऱ्या मंडळान पळवल्यान की काय?" ताबडतोब त्याला फोन. तो बिचारा म्हणाला, मी तुमच्याकडे आहेच, शिवाय वरच्या वाडीच्या मंडळाकडेही आहे, नेहमीसारखाच. चांगला पखवाज वाजवणारा पंचक्रोशीत दोन-तीन मंडळांना साथ करतो, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. फॉर्म लिहिणाऱ्याने मात्र एक माणूस, एक नंबर, एक संघ असं गृहीत धरलेलं. शहरातल्या मॅरेथॉनला ते ठीक आहे. भजनाला नाही.

पैसे भरताना पडद्यावर क्यूआर आला. फॉर्म ज्या फोनवर, त्याच फोनवर क्यूआर, तो स्कॅन करणार कशाने? शेजारच्या काकींनी आपला फोन आणून स्कॅन केला, पैसे गेले. तोवर पहिल्या फोनवरचं पान 'वेळ संपली' म्हणून कोरं झालेलं. पैसे पोचल्याची वर्दी बँकेकडून सर्व्हरला वेगळ्या वाटेने जाते, तिला पान उघडं असण्याची गरज नसते. पण हे काकींना कोण सांगणार? मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं ते इथे. पैसे कुठे जाणार नाहीत, म्हटलं, आणि कार्यवाहांना फोन लावून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी कार्यवाहांसमोर बसले. त्यांना प्रत्येकीची जन्मतारीख, आधार आणि ईमेल हवाच होता. "नंतर वाद नकोत." मी विचारलं, ही माहिती तुम्ही उघडून कधी बघता? ते म्हणाले, स्पर्धेच्या दिवशी, मंचावर जाण्याआधी ओळखपत्र बघतो तेव्हा. मग तेव्हाच बघा. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे, कामापुरतंच मागा. आधारचे नंबर जमवून ते सांभाळण्याची जबाबदारी डोक्यावर घ्यायची कशाला, हे त्यांना कायद्यापेक्षा लवकर पटलं.

नवा फॉर्म पहिल्या पानावर शुल्क, माणसांची मर्यादा आणि शेवटची तारीख सांगतो आणि तीनच गोष्टी विचारतो: मंडळ, गाव, एक मोबाइल नंबर. ओटीपी त्या एकाच नंबरवर. सभासदांची नावं व्हॉट्सअ‍ॅपवरून एकत्र चिकटवता येतात. आकडे मराठी असोत वा इंग्रजी, आत जाऊन एकच होतात. मोबाइलवर क्यूआर दिसतच नाही, सरळ यूपीआयचं अ‍ॅप उघडतं. भरलेलं जिथल्या तिथे राहतं, रेंज गेली तरी.

सगळ्यात जास्त वेळ घेतला ओटीपीच्या संदेशाने. मराठीत लिहिला की एका एसएमएसमध्ये ७० वर्ण मावतात, इंग्रजीत १६०. शिवाय मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे नंतर शब्द बदलला की पुन्हा रांग. 'भजन स्पर्धा नोंदणी' हे संदेशात सगळ्यात आधी आणि आकडा त्यानंतर, एवढ्यासाठी मी आमच्या टीमशी भांडले. ते म्हणत होते, आकडा आधी.

पखवाजवाल्याचा नंबर आता कितीही मंडळांत चालतो. कार्यवाहांनी यादी उघडली तेव्हा एकच वादक लागोपाठच्या दोन नोंदणी क्रमांकांवर दिसला आणि ते खुर्चीत सरसावून बसले. दर वर्षी एक मंडळ मंचावर येऊन पखवाजाची वाट बघत थांबतं, म्हणाले, आणि शिव्या आयोजकांना बसतात. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरल्यावर असे क्रमांक लाल रंगात दाखवता येतील का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. ते काम सध्या माझ्या टेबलावर आहे.