एका फ्लेक्सवरचे दीडशे शब्द

६ जानेवारीला, म्हणजे 'दर्पण'चा पहिला अंक ज्या दिवशी निघाला (१८३२) त्या दिवशी, अमळनेरच्या आमच्या वाचनालयात पत्रकार दिन होतो. शाल-श्रीफळ, दोन भाषणं आणि शेवटी भरीत-पुरी. लोक कशासाठी थांबतात ते सांगायला नको. यंदा कुणीतरी सुचवलं, बातमी आणायला गेले आणि परत आले नाहीत अशांचे फ्लेक्स लावू. सहा नावं निघाली, सहा जणांत वाटली. माझ्या वाट्याला दानिश सिद्दीकी आले. रॉयटर्स या आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार, १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात, कंदाहार प्रांतातल्या स्पिन बोल्डाकला मारले गेले. मजकूर दीडशे शब्दांत हवा होता. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस मी. म्हटलं, जेवण झाल्यावर बसतो, चहापर्यंत उरकेल.

तीन आठवडे गेले.

पहिली ठेच नावालाच लागली. भाच्याने इंग्रजी मजकूर मोबाईलवर मराठीत करून पाठवला, त्यात सगळीकडे 'डॅनिश'. दिल्लीच्या माणसाला यंत्राने डेन्मार्कला धाडलं होतं. ते हसण्यावारी गेलं, पण तिथून मी प्रत्येक शब्द संशयाने वाचायला लागलो.

वहीत दोन रकाने आखले: काय म्हटलंय आणि कोण म्हणतंय. सात बातम्या जमल्या, सातही एकमेकींशी जुळत होत्या. मी खूश. जळगावला वर्तमानपत्राच्या डेस्कवर उमेदीची वर्षं घालवलेल्या मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, ह्या सात नईत, एकच शे." एजन्सीची एक कॉपी सात ठिकाणी छापली की सात साक्षीदार होत नाहीत, साक्षीदार एकच. इतिहासाच्या तासाला हेच मी पोरांना सांगत आलो होतो, आणि स्वतःची वही भरताना विसरलो. मग दुसरा रकाना पुन्हा लिहिला. बक्षिसाबद्दल बक्षीस देणारी संस्था काय म्हणते, नोकरीबद्दल नोकरी देणारी काय म्हणते, एवढंच धरलं.

शिक्षण-नोकरीचा भाग लवकर झाला. जामिया मिलियात अर्थशास्त्राची पदवी, तिथेच २००७ मध्ये जनसंज्ञापन. आधी वृत्तपत्र आणि टीव्हीत बातमीदारी, २०१० मध्ये रॉयटर्सला इंटर्न, आणि शेवटी भारतातले मुख्य छायाचित्रकार. वय ३८. बायको-मुलांची नावं ठिकठिकाणी छापलेली आहेत; मी घेतली नाहीत. फ्लेक्सवर त्यांचं काय काम?

पुलित्झरवर, म्हणजे पत्रकारितेतल्या त्या मोठ्या अमेरिकी पारितोषिकावर, मात्र बैठकीत जुंपली. समितीतल्या एका ज्येष्ठांना 'पुलित्झर मिळवणारे पहिले भारतीय' हे ठळक अक्षरांत हवं होतं. ते खरं नाही. गोविंद बिहारी लाल यांना १९३७ मध्येच मिळालं होतं, हार्वर्ड विद्यापीठाच्या ३०० वर्षांच्या सोहळ्यातल्या विज्ञानविषयक वार्तांकनासाठी, आणखी चौघांबरोबर. २०१८ चं पारितोषिकही एकट्या सिद्दीकींचं नव्हे. म्यानमारमधून पळालेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी ते रॉयटर्सच्या छायाचित्र विभागाला मिळालं, त्यात सिद्दीकी होते आणि अदनान आबिदीही. २०२२ मध्ये भारतातल्या कोविडच्या छायाचित्रांसाठी पुन्हा मिळालं तेव्हा नावं चार होती: अदनान आबिदी, सना इर्शाद मट्टू, अमित दवे आणि मरणोत्तर सिद्दीकी. ज्येष्ठ म्हणाले, "मग आपल्या माणसात विशेष ते काय उरलं?" मी त्यांना सप्टेंबर २०१७ चं ते छायाचित्र दाखवलं. बांगलादेशाच्या शाह पोरीर द्वीपवर होडीतून उतरलेली दमलेली बाई वाकून किनाऱ्याला हात लावतेय. ते बराच वेळ बघत राहिले. 'पहिले भारतीय' मागे पडलं. (छायाचित्र फ्लेक्सवर घ्यायचा हक्क आम्हाला नव्हता, म्हणून ते शब्दांतच सांगितलं. त्यात सतरा शब्द गेले.)

मग मृत्यूचं वाक्य. पहिल्या दिवसाची बातमी अशी, की अफगाण विशेष दलासोबत असताना तालिबानशी झालेल्या चकमकीत ते दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडले. बहुतेक लेख तिथेच थांबलेत. पण ऑगस्टमध्ये रॉयटर्सनेच पुढची हकिगत छापली, अफगाण सेनाधिकाऱ्याच्या हवाल्याने: रॉकेटचा तुकडा लागून ते जखमी झाले, उपचारासाठी जवळच्या मशिदीत नेलं, दलाने माघार घेतली तेव्हा ते आणि दोन कमांडो मागे राहिले, कारण ते गाडीत बसले असा बाकीच्यांचा समज झाला. मार्च २०२२ मध्ये कुटुंबाने या मृत्यूबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे तक्रार केली. म्हणजे 'गोळीबारात सापडून मृत्यू' एवढंच लिहिणं म्हणजे पहिल्या दिवशीच वही मिटणं.

क्रियापदावर दोन दिवस घालवले. 'शहीद' हा समितीचा आग्रह. पण ते कुणाच्या बाजूने लढायला गेले नव्हते, सैनिकांसोबत असले तरी हातात कॅमेरा होता. 'निधन' तर घरच्या अंथरुणावरचं. 'हत्या' लिहिलं की कोणी केली हे लिहिणं आलं, आणि ते काम न्यायालयाचं. 'मारले गेले' ठेवलं. शब्द मोजले तर एकशे एकसष्ट. अकरा कापायचे होते, तेव्हा गाडीच्या गैरसमजाचं वाक्य काढलं. 'मागे राहिले' यात आलंच की, असं वाटलं.

फ्लेक्सवाल्याचा किस्सा वेगळाच. आपण मोबाईलवर पाठवलेला मजकूर त्याच्या कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा येत नाही, जोडाक्षरं फुटतात, म्हणून दुकानातला पोरगा सगळं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करतो. म्हणजे तीन आठवड्यांची मेहनत शेवटी त्याच्या बोटांवर. पहिल्या प्रूफमध्ये 'सिद्दिकि' आणि २०२१ चं २०१२. दुसऱ्यात तारीख सुधारली, तर कंदाहारचं 'कंधार' करून ठेवलेलं. ते नांदेडकडे! तिसऱ्या वेळी मी दुकानातच स्टूल घेऊन बसलो.

सहा तारखेला सकाळी आबा, आमचे शिपाई, खुर्च्या मांडायच्या आधी सगळे फ्लेक्स वाचत होते. बोट फिरवत, एकेक शब्द मोठ्याने. माझ्यापाशी आले ते कपाळाला आठी घालूनच.

"सर, मशिदमा व्हता ना तो? मंग त्या लोकेसनी तेले मांगे सोडी कसं दिनं?"

मी म्हटलं, "आबा, त्यांना वाटलं तो गाडीत बसलाय."

"मंग हाई लिखेल कसं नई?"

मी कपाटातून पांढऱ्या कागदाची पट्टी आणि मार्कर काढला, कापलेलं वाक्य हाताने लिहिलं. आबांनी चिकटपट्टी लावून दिली, जरा तिरकी.