बहात्तर पाइंटांचा हिशेब

लंडन, शनिवार, रात्रीचे अकरा

आज दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत चार पब पाहिले, प्रत्येक ठिकाणी अर्धाच पाइंट, म्हणजे पाव लिटरहून थोडी जास्त बिअर घेतली आणि घरी आल्यावर वहीतली टिपणे पुन्हा वाचली. ‘कॅमरा’ या रिअल एलसाठी झटणाऱ्या संघटनेच्या सभासदांना रिअल एलला, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या पारंपरिक बिअरला, शून्य ते पाच गुण देता येतात. शून्याचा अर्थ तिथे रिअल एल मिळतच नाही, अर्ध्या गुणाचा अर्थ ती पिण्याजोगी नाही, तीन म्हणजे चांगली आणि पाच म्हणजे जिच्यात काही उणे काढता येत नाही अशी. तीन ठिकाणचे गुण सहज ठरले. एका ठिकाणचे अजून ठरत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहून काढतो आहे.

सुरुवात लंडनच्या बरो भागातल्या टॅबर्ड स्ट्रीटवरच्या रॉयल ओकपासून केली. ससेक्समधल्या लुइस गावच्या हार्वीज या ब्रुअरीचा (बिअरच्या कारखान्याचा) हा कोपऱ्यावरचा व्हिक्टोरियन पब मला घरच्यासारखा आहे. मध्ये बार, दोन बाजूंना दोन खोल्या, आणि बोलणाऱ्यांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नाही. त्यांची ससेक्स बेस्ट ही एल मागितली. तळघरातल्या पिंपातून एल वर आणणाऱ्या हातपंपाचा दांडा सावकाश ओढत बारवाल्याने ग्लास भरला आणि मी तो खिडकीकडे धरून पाहिला: तांबूस, काचेसारखी नितळ, वर बोटाच्या पेराहून कमी फेस. पहिल्या घोटाला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) बिस्किटासारखा गोडवा, मग हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडूपणा, आणि तो कडूपणा गिळल्यानंतरही जिभेच्या मागच्या भागावर बराच वेळ राहिला. रिकाम्या ग्लासच्या आतल्या बाजूला प्रत्येक घोटागणिक फेसाचे एकेक कडे उमटलेले होते. साडेचार गुण दिले.

हे गुण हार्वीजचे आणि रॉयल ओकच्या तळघराचे मिळून आहेत, आणि मला आज मुख्यतः हेच लिहायचे आहे. रिअल एल ब्रुअरीतून बाहेर पडते तेव्हा पुरी झालेली नसते. पिंपात यीस्ट जिवंत असते, उरलेल्या साखरेवर त्याचे काम चालूच असते, आणि लोणचे बरणीत मुरावे तशी ती तळघरात मुरते. काही वर्षांपूर्वी एका पबमालकाने मला आपल्या तळघरात नेले होते. पीप आडवे ठेवलेले, वरच्या बुचात मऊ लाकडाची सच्छिद्र खुंटी ठोकलेली, आणि तिच्या टोकावर बारीक फेस उसळत होता. त्याने तो फडक्याने पुसला आणि घड्याळात पाहिले. काही सेकंदांत बुडबुडे परत आले. पुसल्यावर ते परत यायला वेळ लागू लागला की मऊ खुंटी काढून कठीण खुंटी बसवायची, म्हणजे उरलेला वायू एलमध्येच राहतो. दरम्यान गाळ खाली बसतो. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, त्याच कामासाठी इथे परंपरेने माशाच्या वाताशयापासून केलेला आयसिंग्लास वापरतात. शाकाहारी स्नेह्यांना मी हे आधीच सांगून ठेवतो, कारण आयसिंग्लासशिवाय निवळवलेल्या एलही आता मिळतात. तळघराचे तापमान बारा अंशांच्या आसपास राखावे लागते. म्हणून ‘इंग्रज लोक कोमट बिअर पितात’ हे आपल्याकडचे बोलणे खरे नाही; नीट राखलेली एल माठातल्या पाण्यासारखी गार असते.

बरो हाय स्ट्रीटवरच्या जॉर्जमध्ये फार थांबलो नाही. १६७६ च्या आगीनंतर १६७७ मध्ये पुन्हा बांधलेली, सज्जे शिल्लक असलेली लंडनमधली ही शेवटची घोडागाड्यांची सराई आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीची आहे. अंगणात पर्यटकांची दाटी होती. एल ठीक होती. तीन गुण.

तिसऱ्या पबचे नाव इथे लिहीत नाही. बारवर आठ हातपंप ओळीने उभे, आठांवर आठ वेगळ्या ब्रुअऱ्यांच्या पाट्या, आणि गिऱ्हाईक मोजून अकरा. घेतलेल्या एलला पहिल्याच घोटात व्हिनेगरचा वास आला. मी ग्लास परत नेला आणि शांतपणे सांगितले की ही आंबली आहे. बारवरचा मुलगा म्हणाला की रिअल एल अशीच लागते. मला याचे फार वाईट वाटले, कारण पहिल्यांदा चव घेणाऱ्या एखाद्याला हेच उत्तर मिळाले तर तो आयुष्यात पुन्हा हातपंपाकडे वळणार नाही. मी आग्रह धरल्यावर त्याने दुसऱ्या पंपाची एल दिली. ती आंबलेली नव्हती, पण तिच्यात जीव उरलेला नव्हता.

दोष कुठे आहे, याचा हिशेब साधा आहे. नेहमीचे लहान पीप, म्हणजे फर्किन, नऊ गॅलनांचे असते. त्यात बहात्तर पाइंट. पीप लावले, म्हणजे उघडून पंपाला जोडले, की निघालेल्या प्रत्येक पाइंटाच्या जागी हवा आत जाते, आणि साधारण तीन दिवसांत ते संपायला हवे. म्हणजे एका पंपावर रोज चोवीस पाइंट, आणि आठ पंपांवर एकशे ब्याण्णव, नुसत्या रिअल एलचे. एवढा खप त्या पबचा असणे शक्य दिसत नाही. त्यांनी दोनच पंप ठेवले असते तर दोन्ही चांगले राहिले असते. १९७१ मध्ये चार तरुण इंग्रजांनी आयर्लंडच्या सहलीत कॅमराची कल्पना काढली, तेव्हा गाळलेली, पाश्चराइज केलेली आणि वायूच्या दाबाने नळातून येणारी केग बिअर पबमधून पिंपाला हुसकावत होती. आज पीप पुष्कळ ठिकाणी आहे, पण ते वेळेत रिकामे होत नाही, आणि वाईट राखलेली एल केगचाच प्रचार करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालत पूल ओलांडून ब्लॅकफ्रायर या चौथ्या पबला गेलो. पाचरीच्या आकाराची ती इमारत आणि दारावरचा हसरा साधू पाहिला की चालण्याचा शीण जातो. १९०५ पासून वास्तुविशारद एच. फुलर क्लार्क आणि शिल्पकार हेन्री पूल यांनी आत संगमरवर आणि तांब्याची जी शिल्पे घडवली, ती १९६० च्या दशकात इमारतीसकट पाडली जाणार होती. कवी जॉन बेट्जेमन आणि इतरांनी विरोध केला म्हणून वाचली. मागच्या कमानीदार खोलीत भिंतीवर ‘घाईने उशीरच होतो’ अशा अर्थाचे वचन कोरलेले आहे. त्याच्याखाली बसून मी एक पेल एल, म्हणजे फिकट रंगाची एल, प्यायलो आणि मुंबईचा विचार केला. इथून पूर्वेला बो इथे हॉजसनची ब्रुअरी होती, आणि तिथली भरपूर हॉप्स घातलेली पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून, आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला पोहोचत असे. त्या सगळ्या प्रवासभर ती पिंपात मुरत असे. इथे साडेतीन गुण दिले. खोलीसाठी अर्धाही वाढवला नाही, कारण गुण एलचे आहेत.

तिसऱ्या पबचा प्रश्न उरतोच. पहिल्या ग्लासला अर्धा आणि दुसऱ्याला दीड गुण, असे वहीत आहे. पण शनिवारची ती वेळ मंदीची होती, आणि पिंपे शुक्रवारी लावली असतील की मंगळवारी, हे मला माहीत नाही. आकडे अजून पाठवलेले नाहीत. येत्या शुक्रवारी कचेऱ्या सुटल्यावर, गर्दीच्या वेळी पुन्हा जाईन, आधी पीप कधी लावले ते विचारीन, आणि मगच गुण नोंदवीन.